दिवाळीचा किल्ला पाडू नका: थंडीतल्या खेळात या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दिवाळीला अंगणात किल्ला होतोच. कुणाचा राजहंसगड, कुणाचा मनातला. भाऊबीज झाली की मोठी माणसं ती माती उचलून टाकतात, आणि थंडीभर पोरांना काय द्यायचं म्हणून दुकान गाठतात. माती राहू द्या. दोन करवंट्या, जुनं भगुलं आणि तांब्याभर पाणी जवळ ठेवा. आज गड असलेला ढीग उद्या उसाचं शेत होतो, परवा घाटरस्ता. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला याहून चांगलं खेळणं मला तरी माहीत नाही.

मातीच्या वस्तू तडकतात ही सगळ्यांची तक्रार. निपाणी-चिक्कोडीकडची काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून भेगा पडतात. तिच्यात चौथा हिस्सा चाळलेली बारीक वाळू मिसळा. खानापूरकडची कौलांची तांबडी चिकणमाती मिळाली तर काम सोपं होतं, पण तीही कडक उन्हात ठेवली की तडकते, कारण वरचा थर आधी वाळतो आणि आतला ओलाच राहतो. वस्तू बोटापेक्षा जाड नको. पहिला दिवस ओल्या फडक्याखाली, मग सावलीत. मातीच्या बैलाचं शिंग गळून पडत असेल तर दोन्ही बाजू काडीनं खरवडा, मातीचा पातळ चिखल लावा आणि दाबा.

ज्वारीच्या धाटाची बैलगाडी करताना सोलायचं काम मोठ्यांनीच करावं. सालीची कड पात्यासारखी कापते. आतलं भेंड मात्र मुलांच्या हाती द्या. हिरव्या धाटाचं भेंड वाळल्यावर आकसतं आणि चाकं निखळतात, म्हणून वाळलेलं धाट घ्या. काडी थेट खुपसली की भेंड फाटतं. आधी दाभणानं भोक पाडून द्या.

चिकटवायच्या पिठाच्या खळीत गुठळ्या होतात, कारण पीठ थेट गरम पाण्यात टाकलं जातं. आधी गार पाण्यात कालवा, मग ढवळत शिजवा. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे. ते विष आहे, मुलांच्या खळीत नकोच. नक्षीसाठी गुंजाही देऊ नका. दिसायला देखण्या, पण चावली गेली तर जिवावर बेततं. तीन वर्षांखालच्या मुलांपासून चिंचोके आणि हरभरेही लांब ठेवा, घशात अडकतात.

या साऱ्याहून मोठी चूक म्हणजे समोर नमुना मांडून ‘अस्सं कर’ म्हणणं. मूल नमुना बघतं, आपला चिखलाचा गोळा बघतं आणि ‘तूच करून दे’ म्हणतं. मग आई बैल करते आणि मूल उठून जातं. तुम्हाला हात चालवायचाच असेल तर शेजारी बसून तुमचं वेगळंच काहीतरी करा. ‘हे काय केलंस?’ असं विचारू नका, त्याला अजून ठरवायचं असतं. ‘याच्या पोटात काय आहे?’ विचारलंत तर ते बोलत सुटेल. पाच मिनिटांत उठलं तरी मागे लागू नका. सामान तिथंच राहू द्या, बऱ्याचदा दुपारी परत येतं.

आणि सकाळच्या गारठ्यात गार चिखलात हात घालायला लावू नका. अंगणात ऊन आल्यावर बसवा, पाणी कोमट घ्या. माती हाताचं तेल ओढून घेते आणि थंडीत कातडी फुटते, म्हणून हात धुतल्यावर लगेच खोबरेल चोळा.