ओव्हेर्न्यच्या ज्वालामुखी डोंगरांत रोड सायकल कशी चालवावी

मध्य फ्रान्समधील ओव्हेर्न्य प्रदेशात सायकल घेऊन जाणारे बहुतेक जण मार्ग आखताना दिवसाचे एकूण अंतर आणि एकूण चढाई एवढेच पाहतात. तेवढ्यावर विसंबून तिथे चालत नाही, कारण तीनशे मीटरांची चढाई एका भागात सहज पार पडते आणि दुसऱ्या भागात तीच गुडघ्यांची परीक्षा पाहते. हा फरक ज्वालामुखींच्या प्रकारामुळे पडतो. इथे तीन निरनिराळ्या प्रकारचे, निरनिराळ्या वयाचे ज्वालामुखी शेजारी शेजारी आहेत आणि प्रत्येकाने आपापल्या परीने रस्त्यांना वळण लावले आहे. कोणता डोंगर कसा घडला हे ठाऊक असेल, तर चढ कुठे तीव्र होणार याचा अंदाज नकाशा पाहूनच बांधता येतो.

सुरुवात क्लेर्मों-फेराँ शहराच्या पश्चिमेला असलेल्या शेन दे प्युई या रांगेपासून करावी. सुमारे ८० लहान ज्वालामुखींची ही रांग उत्तर-दक्षिण पसरलेली असून २०१८ मध्ये तिचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. राख आणि लाव्ह्याच्या तुकड्यांचे हे शंकू भूवैज्ञानिक हिशेबाने अगदी तरुण आहेत, त्यामुळे त्यांच्या बाजू अजून झिजलेल्या नाहीत. इतक्या उभ्या बाजूंवर रस्ते सहसा चढत नाहीत, ते शंकूंच्या मधून वाट काढतात. म्हणून इथली खरी चढाई एकदाच, शहरातून पठारावर येताना करावी लागते. रॉया मार्गे सेसाच्या १,०७८ मीटर उंचीच्या खिंडीत पोहोचलात की पुढचा रस्ता वर-खाली होत राहतो, पण फारसा छळत नाही. पहिल्या दिवशी पाय मोकळे करायला हा भाग उत्तम.

या रांगेतील सर्वांत उंच प्युई द डोम (१,४६५ मीटर) पाहिल्यावर प्रत्येक सायकलस्वाराला माथ्यावर जावेसे वाटते, परंतु माथ्याकडे जाणारा रस्ता एरवी सायकलींना बंद असतो. २०१२ पासून तिथे दातेरी रुळांवरची रेल्वे धावते. १९६४ सालच्या तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत आंकतील आणि पुलिदोर हे फ्रेंच सायकलपटू खांद्याला खांदा लावून ज्या चढावर झुंजले, तो याच रस्त्याचा. १९८८ नंतर थेट २०२३ मध्ये त्या शर्यतीचा टप्पा पुन्हा इथे संपला, तेव्हा शेवटच्या चार किलोमीटरांत प्रेक्षकांनाही प्रवेश नव्हता. त्यामुळे त्या रस्त्याचा नाद सोडावा, सेसाच्या खिंडीत सायकलला कुलूप लावावे आणि जुन्या खेचरवाटेने पायी माथा गाठावा. माझ्या मते सायकलने गेल्यावर दिसले असते त्याहून जास्तच असे चालताना दिसते.

दक्षिणेकडे सान्सीचा डोंगरसमूह लागतो आणि चढांचा स्वभाव बदलतो. प्युई द सान्सी हे १,८८५ मीटर उंचीचे शिखर मध्य फ्रान्सच्या या साऱ्या डोंगराळ प्रदेशात सर्वांत उंच आहे. हे ज्वालामुखी जुने असून हिमनद्यांनी कोरलेले आहेत, त्यामुळे मध्ये खोल दऱ्या आणि त्यांच्यावर गवताळ खिंडी अशी रचना झाली आहे. या खिंडींचे चढ लांब आणि बऱ्यापैकी एकसारखे असतात, म्हणजे एक लय पकडून चढत राहणाऱ्याला अगदी सोयीचे. ओर्सिवालचे रोमनेस्क शैलीतले चर्च पाहून गेरीच्या खिंडीकडे (१,२६८ मीटर) निघावे. खिंडीजवळ तुइलिएर आणि सानादुआर हे दोन मोठे कडे समोरासमोर उभे दिसतात. तिथून मों-दोर गावात उतरून क्रुआ सें-रोबेरच्या खिंडीकडे चढावे. गाव सुमारे १,०५० मीटरवर आणि खिंड १,४५१ मीटरवर, म्हणजे चढाई चारशे मीटरांची. वरच्या भागात झाडे नाहीत आणि वाऱ्याला अडवणारे काहीच नाही, म्हणून शेवटच्या वळणांसाठी थोडी ताकद राखून ठेवावी. पलीकडे शोदफुर दरीच्या तोंडाशी उतरल्यावर बेस गाव आणि पाव्हें हे जवळजवळ गोल, ज्वालामुखीच्या स्फोटाने झालेल्या विवरातले तळे गाठता येते. मुक्कामासाठी मी क्लेर्मोंपेक्षा बेसला पसंती देईन, कारण तिथून सकाळी दारातूनच चढ सुरू होतो आणि शहराची वर्दळ टळते.

तिसरा भाग काँतालचा आणि खरी तयारी लागते ती इथे. काँताल म्हणजे सुमारे ७० किलोमीटर रुंदीचा एकच प्रचंड, लाखो वर्षांपूर्वी शांत झालेला आणि झिजलेला ज्वालामुखी. त्याच्या मध्यापासून दऱ्या सर्व दिशांना फाकत गेल्या आहेत. या रचनेतून सायकलस्वारासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की दरीच्या तळाने केंद्राकडे जाणारा रस्ता कित्येक किलोमीटर सौम्य असतो आणि हिमनदीने कोरलेल्या दरीच्या माथ्याशी एकदम भिंतीसारखा उठतो. दुसरी अशी की एका दरीतून शेजारच्या दरीत आडवे जायचे म्हटले, तर प्रत्येक वेळी मधली कड ओलांडावी लागते. नकाशावर दोन गावांमधले अंतर दहा किलोमीटर दिसले, तरी त्यात किती कडा येतात हे मोजल्याशिवाय वेळ ठरवू नये.

१,५८९ मीटर उंचीवरचा पा द पेरोल हे याचे चोख उदाहरण. प्युई मारी शिखराच्या खांद्यावरून जाणारी ही खिंड या सगळ्या डोंगराळ प्रदेशातली सर्वांत उंच रस्त्याची खिंड आहे. सालेर गावाकडून नेरोनच्या खिंडीमार्गे आलात, तर शेवटच्या ५.४ किलोमीटरांचा सरासरी चढ ८.१ टक्के आहे, आणि त्यातले शेवटचे २.४ किलोमीटर जवळजवळ १२ टक्क्यांचे आहेत. याचा अर्थ असा की आधीच्या तीन किलोमीटरांत चढ जेमतेम पाच टक्क्यांचा असतो, पाय हलके वाटतात आणि वेग वाढवण्याचा मोह होतो. तो आवरावा. पहिल्यांदा जाणाऱ्याने ओरियाकहून झोर्दान नदीच्या दरीतल्या डी १७ रस्त्याने चढावे. एकूण चढाई साडेनऊशे मीटरांहून अधिक असली, तरी माँदाय गावापर्यंत रस्ता बराचसा सौम्य आहे आणि पुढचा चढही सालेरच्या बाजूइतका निर्दय नाही. सालेरकडची बाजू उतरण्यासाठी ठेवावी.

गिअरच्या बाबतीत इथे मानापमानाचा विचार करू नये. स्वार आणि सायकल मिळून ८४ किलो वजन असेल आणि स्वार २०० वॅट ताकद लावत असेल, तर १२ टक्के चढावर वेग ताशी सात किलोमीटरांच्या आसपास पडतो. पुढे ३४ दातांची आणि मागे ३४ दातांची चकती असली, तरी पेडलचे फेरे मिनिटाला सुमारे ५५ च होतात. मागची सर्वांत मोठी चकती २८ दातांची असेल, तर ते ४५ वर येतात आणि पेरोलचे ते २.४ किलोमीटर वीस मिनिटे तसेच रेटावे लागतात. तेव्हा मागे किमान ३४ असावेच, सामान लादले असेल तर पुढे त्याहून लहान चकती बसवावी. तीव्र चढावर बसूनच पेडल मारावे, आणि वळणावर, पुढे-मागे वाहन नसेल तर, आपल्या बाजूच्या मर्यादेत राहून बाहेरच्या अंगाने जावे. तिथे चढ काही मीटर तरी सौम्य होतो आणि दोन श्वास मोकळे घेता येतात.

गावाकडच्या डी क्रमांकाच्या रस्त्यांवर वाहने कमी असतात, पण डांबरावर दाबलेल्या खडीमुळे पृष्ठभाग खरबरीत असतो. २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर आणि थोडी कमी हवा ठेवल्यास हातांना आराम मिळतो. उन्हाळ्यात रस्त्यांची डागडुजी चालते. ‘ग्राव्हियों’ असा फलक दिसला की पुढे सुटी खडी आहे असे समजावे आणि उतारावर तर तो दिसताक्षणी वेग कमी करावा.

हंगाम जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा धरावा. पेरोलचा रस्ता बर्फामुळे साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत बंद असतो, आणि खिंड उघडी आहे की बंद हे पायथ्याच्या फलकावर लिहिलेले असते. पश्चिमेचे ढग आधी सान्सी आणि काँतालवर अडतात, म्हणून क्लेर्मोंत ऊन असले तरी वर पाऊस असू शकतो. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांसह वादळे येतात. मोठी खिंड सकाळीच पार करावी. प्युई मारीवर गर्दी वाढण्याआधी पोहोचण्याचा लाभही त्यात मिळतो.

व्होल्व्हिकचे बाटलीबंद पाणी याच प्रदेशातले, पण उंचावरच्या रस्त्यांवर नळ शोधावा लागतो. गावच्या कारंज्यावर ‘ओ नों पोताब्ल’ लिहिले असेल, तर ते पाणी पिण्याजोगे नाही. फ्रान्समधले सायकलस्वार बाटल्या भरायला बऱ्याचदा गावच्या दफनभूमीतल्या नळाकडे वळतात. लहान गावांतली दुकाने दुपारी बारा ते दोनच्या सुमारास आणि अनेकदा रविवार दुपार व सोमवारी बंद असतात, म्हणून खाणे सकाळीच खिशात भरून घ्यावे. सें-नेक्तेर चीज आणि पाव मुक्कामावर पोहोचल्यावर खावे, चढाच्या तोंडाशी नाही.

कायद्याने सायकलला घंटी हवी. वस्तीबाहेर रात्री किंवा धुक्यात परावर्तक जाकीट घालणे सक्तीचे आहे, आणि कानात इयरफोन घालून सायकल चालवण्यास मनाई आहे. दोघांना शेजारी शेजारी चालवता येते, पण रात्री किंवा मागचे वाहन पुढे जाऊ पाहत असेल तेव्हा एकामागे एक यावे लागते. वस्तीत फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला अग्रक्रम असतो, अगदी तो शेतातल्यासारख्या दिसणाऱ्या बोळातून आला तरी.

उतारावर वाऱ्यापासून बचाव करणारे जाकीट खिंडीतच घालावे, थंडी वाजेपर्यंत थांबू नये. ब्रेक वळणाआधी लावावा, वळणात नव्हे, आणि सतत दाबून धरण्याऐवजी दाबणे-सोडणे चालू ठेवावे म्हणजे रिम किंवा डिस्क तापत नाही. झाडीतली वळणे ऊन पडले तरी ओली राहतात. कुरणांजवळ गडद तांबड्या सालेर गाई रस्त्यावर उभ्या असू शकतात आणि घंटी वाजवून त्या हलत नाहीत. तिथे पाय टेकवून वाट पाहावी.

परतीसाठी किंवा हवा बिघडल्यास क्लेर्मों-फेराँ ते ओरियाक हा रेल्वेमार्ग उपयोगी पडतो. त्यावर म्युरा आणि ल लिओराँ ही स्थानके काँतालच्या अगदी गाभ्यात आहेत. गाड्या दिवसात मोजक्याच असतात, म्हणून सुटण्याच्या वेळा सकाळी निघतानाच लिहून घ्याव्यात.