दहावीनंतरचे बीजगणित : सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांनी कोणती तयारी ठेवावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील मराठी माध्यमाच्या शाळेतून एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातील दहावी, उत्तीर्ण होऊन जो विद्यार्थी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, गणित घेतो, त्याच्या मनात पहिल्या काही आठवड्यांतच एक शंका घर करते : दहावीला गणितात चांगले गुण असूनही आता फळ्यावरचे का कळत नाही? या शंकेचे उत्तर बुद्धीत शोधू नये, आणि बहुतांशी ते नव्या प्रकरणांतही नसते. शाळेत ज्या क्रियांवर आठवडेच्या आठवडे खर्च केले जात होते, म्हणजे कंस सोडवणे, अवयव पाडणे, बैजिक अपूर्णांकांची बेरीज, ऋण चिन्हाची हाताळणी, त्या सगळ्या क्रिया विद्यार्थ्याला येतातच असे महाविद्यालयात धरून चालतात आणि शिक्षक एका ओळीत तीन पायऱ्या उरकून पुढे जातात. प्रकरण नवे असते, पण विद्यार्थी अडखळतो तो बहुतेक वेळा जुन्याच पायरीवर. म्हणून या विषयाची तयारी पुढचे पुस्तक आधी वाचून ठेवण्याने होत नाही. मागचे बीजगणित हाताला पक्के बसवण्याने होते.

प्रथम अभ्यासक्रमाविषयी. कर्नाटकात पीयूसीच्या गणितासाठी एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके वापरली जातात. पहिल्या वर्षी संच, संबंध आणि फलने, संमिश्र संख्या, रेषीय असमानता, क्रमचय व संचय (मांडणीचे आणि निवडीचे प्रकार मोजणे), द्विपद प्रमेय, क्रमिका व श्रेणी ही बीजगणिताची प्रकरणे येतात. त्यांच्याबरोबरच त्रिकोणमिती, निर्देशक भूमिती आणि कलनाची सुरुवातही असते. दुसऱ्या वर्षी मॅट्रिक्स, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या संख्यांची चौकट, आणि चौरस मॅट्रिक्सवरून काढली जाणारी संख्या म्हणजे डिटरमिनंट येतात. बीजगणित असा स्वतंत्र पेपर नसतो. चंदगड-गडहिंग्लजकडच्या भावंडांना महाराष्ट्र मंडळाच्या दहावीत बीजगणित आणि भूमिती असे दोन वेगळे भाग असतात; आपल्याकडे एसएसएलसीलाही गणित एकच आणि पीयूसीलाही एकच. वाणिज्य शाखा घेतली की बीजगणित सुटले, असे समजणेही बरोबर नाही, कारण बेसिक मॅथ्स हा विषय निवडणाऱ्यांना त्यातील बराच भाग करावाच लागतो. निपाणीलगतचे अर्जुननगर येथील देवचंद कॉलेज किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील अन्य महाविद्यालय निवडणाऱ्यांना महाराष्ट्र मंडळाचा अभ्यासक्रम लागू होतो. प्रकरणांची मांडणी तिथे वेगळी असली तरी पुढे सांगितलेली तयारी दोन्हीकडे तितकीच उपयोगी पडते.

सुट्टीत करायची उजळणी

दहावीची परीक्षा आणि महाविद्यालय सुरू होणे यांमध्ये मिळणारा वेळ हा या विषयासाठी सर्वांत मोलाचा आहे. या काळात आठवी ते दहावीच्या बीजगणिताची उदाहरणे रोज थोडी, परंतु कागदावर आणि पूर्ण, सोडवावीत. त्यातही पुढील चुकांकडे मुद्दाम लक्ष द्यावे, कारण त्या शाळेत क्वचित उघड होतात आणि महाविद्यालयात पदोपदी नडतात.

पहिली चूक काटाकाटीची. (क्ष + ३) / (क्ष + ५) या अपूर्णांकात वरचा आणि खालचा क्ष काटून ३/५ असे उत्तर लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. अंश आणि छेद यांचा जो सामाईक अवयव असतो, म्हणजे जो संपूर्ण अंशाला आणि संपूर्ण छेदाला गुणत असतो, तोच काटता येतो; बेरजेतील एखादे पद काटता येत नाही. शंका आली तर क्षच्या जागी १ ठेवून पाहावे : मूळ अपूर्णांक ४/६ म्हणजे २/३ येतो, ३/५ येत नाही. लहान संख्या ठेवून पडताळण्याची ही सवय वर्षभर टिकवावी. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² नव्हे, हेही ३ आणि ४ ठेवले की लगेच दिसते, कारण एकीकडे ४९ येतात आणि दुसरीकडे २५.

दुसरी चूक चलाने भागण्याची. क्ष² = ५क्ष या समीकरणाला दोन्ही बाजूंनी क्षने भागले की क्ष = ५ हे एकच उत्तर हाती येते आणि क्ष = ० हे दुसरे मूळ हरवते. सर्व पदे एका बाजूला आणून अवयव पाडावेत, म्हणजे दोन्ही मुळे मिळतात. याच्या उलट, वर्ग केल्यावर नसलेले मूळ आत शिरते. √(क्ष + ६) = क्ष या समीकरणाचे वर्ग करून क्ष² − क्ष − ६ = ० मिळते आणि त्याची मुळे ३ व −२ येतात; परंतु −२ मूळ समीकरणात ठेवले तर डावीकडे √४ म्हणजे २ आणि उजवीकडे −२ येते, म्हणून ते उत्तर नाकारावे लागते. समीकरण सोडवणे म्हणजे केवळ ओळीखाली ओळ लिहिणे नसून प्रत्येक ओळीवरून मागे परत जाता येते की नाही हे पाहणे आहे, ही जाणीव या दोन उदाहरणांतून येते, आणि महाविद्यालयीन बीजगणिताचा खरा गाभा मला हाच वाटतो.

वर्गसमीकरणाचे सूत्र पाठ असतेच. ते एकदा स्वतः सिद्ध करून पाहावे. श्रीधराचार्यांची म्हणून भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात नोंदवलेली रीत यासाठी फार सोपी आहे : अक्ष² + बक्ष + क = ० या समीकरणाला ४अ ने गुणावे, क असलेले पद उजवीकडे न्यावे आणि दोन्ही बाजूंत ब² मिळवावा. डावी बाजू (२अक्ष + ब)² असा पूर्ण वर्ग होते आणि उजवीकडे ब² − ४अक, म्हणजे विवेचक, आपोआप उभा राहतो. मधे कुठेही अपूर्णांक येत नाहीत. ही सिद्धता ज्याने स्वतः लिहिली, त्याला विवेचक ऋण असताना वास्तव मुळे का नसतात हे वेगळे पाठ करावे लागत नाही, आणि संमिश्र संख्यांचे प्रकरण नेमके कुठून सुरू होते हेही त्याला आधीच कळलेले असते.

प्रश्नांचे स्वरूप कसे बदलते

दहावीला असा प्रश्न येतो : क्ष² + म·क्ष + ९ = ० या समीकरणाची मुळे समान असतील तर म ची किंमत काढा. विवेचक शून्य धरला की म² = ३६ आणि म = ६ किंवा −६; उत्तर दोन संख्यांत संपते. महाविद्यालयात हेच समीकरण देऊन विचारतात की मुळे वास्तव असण्यासाठी म च्या सर्व किमती कोणत्या. आता म² ≥ ३६ ही असमानता सोडवावी लागते आणि उत्तर येते : म ≤ −६ किंवा म ≥ ६. येथे म ≥ ±६ असे लिहिणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. त्यांनी संख्यारेषा काढून −१०, ० आणि १० या तीन किमती तपासल्या, तर कोणता भाग घ्यायचा आणि कोणता सोडायचा हे डोळ्यांना दिसते. असमानतेला ऋण संख्येने गुणले किंवा भागले की चिन्ह उलटते, हा नियमही येथेच पक्का करावा. −२क्ष < ६ यावरून क्ष > −३ मिळते.

म्हणजे उत्तर ही एक संख्या नसून संख्यांचा संच असू शकतो, कधी अट असू शकते, कधी 'असे उत्तर अस्तित्वातच नाही' हेही पूर्ण गुणांचे उत्तर असते. संच आणि फलने ही प्रकरणे पुस्तकात सुरुवातीला येतात ती याचसाठी. ती सोपी वाटतात म्हणून घाईने उरकू नयेत. एखाद्या फलनात कोणत्या किमती ठेवता येतात आणि कोणत्या नाहीत, छेद कुठे शून्य होतो, वर्गमुळाखाली ऋण संख्या कधी येते, हे विचारण्याची सवय तिथे लागली नाही तर ती पुढे कलन शिकताना लावावी लागते आणि तेव्हा वेळ नसतो.

द्विपद प्रमेय आणि भूमिती श्रेढी यांची फारशी धास्ती घेऊ नये. अंकगणिती श्रेढी दहावीला झालेली असते आणि नियमित सराव असला की ही प्रकरणे गुण देतात. क्रमचय व संचय मात्र वेगळे. तिथे सूत्र आठवून भागत नाही.

शब्दांत अडणारी उदाहरणे

विज्ञान शाखेचे अध्यापन बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून होते, आणि वर्गातील समजावणी पुष्कळदा कन्नडमध्येही होते. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला चिन्हांची अडचण येत नाही. अडचण येते ती उदाहरणातील दोन-तीन लहान शब्दांची. 'ॲट लीस्ट' म्हणजे किमान, 'ॲट मोस्ट' म्हणजे जास्तीत जास्त, 'डिस्टिंक्ट' म्हणजे परस्परांहून भिन्न, 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे, 'नॉन-निगेटिव्ह' म्हणजे शून्य धरून धन, आणि 'इफ अँड ओन्ली इफ' म्हणजे विधान दोन्ही दिशांनी सिद्ध करायचे आहे. असे शब्द पन्नासच्या आत आहेत. वहीच्या शेवटच्या पानांवर प्रत्येक शब्द, त्याचा मराठी अर्थ आणि तो ज्या उदाहरणात भेटला ते उदाहरण लिहून ठेवावे.

एका शब्दाने किती फरक पडतो ते पाहा. एखाद्या गणेशोत्सव मंडळात ६ पुरुष आणि ४ महिला कार्यकर्ते आहेत. त्यांतून किमान एक महिला असलेली तिघांची समिती किती प्रकारे निवडता येईल? पुष्कळ विद्यार्थी आधी ४ पैकी एक महिला निवडतात, मग उरलेल्या ९ जणांतून दोघे निवडण्याचे ३६ प्रकार घेतात आणि ४ × ३६ = १४४ असे उत्तर लिहितात. पण १० जणांतून तिघांच्या समित्याच मुळी १२० होतात, तेव्हा १४४ शक्यच नाही. चूक अशी होते की दोन महिला असलेली प्रत्येक समिती दोनदा आणि तीन महिला असलेली प्रत्येक समिती तीनदा मोजली जाते. बरोबर रीत म्हणजे एकूण १२० मधून एकही महिला नसलेल्या २० समित्या वजा करणे; उत्तर १००. एक, दोन आणि तीन महिला असे वेगळे मोजले तरी ६० + ३६ + ४ = १०० च येतात. एकच उदाहरण असे दोन रीतींनी सोडवणे हे दहा उदाहरणे एका रीतीने सोडवण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

भाषेच्या संकोचामुळे वर्गात गप्प बसणे हे आपल्या मुलांचे सर्वांत मोठे नुकसान आहे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. प्रश्न विचारण्यासाठी सफाईदार इंग्रजी लागत नाही. वही उघडून, अडलेल्या ओळीवर बोट ठेवून, या ओळीवरून पुढची ओळ कशी आली एवढे कोणत्याही भाषेत विचारले तरी शिक्षकांना नेमके काय सांगायचे ते कळते. 'हे प्रकरण समजले नाही' असा मोघम प्रश्न मात्र कोणत्याही भाषेत विचारला तरी त्याला उपयोगी उत्तर मिळत नाही.

वर्षभराचा अभ्यास आणि परीक्षा

शिकवले त्याच दिवशी निदान पाच उदाहरणे सोडवावीत. पाठ्यपुस्तकातील सोडवलेले उदाहरण नुसते वाचू नये. उत्तर झाकून आधी स्वतः प्रयत्न करावा, अडले तर एकच ओळ उघडून पाहावी आणि पुन्हा झाकावे. ज्यांना खानापूर, जांबोटी किंवा नंदगड भागातून रोज बसने बेळगावला यावे लागते, त्यांचा पावसाळ्यात बराच वेळ रस्त्यावर जातो आणि बसमध्ये लिहिता येत नाही. तो वेळ तोंडी कामाला द्यावा : ३० पर्यंतचे वर्ग, १० पर्यंतचे घन, २ चे घात, विस्तारसूत्रे, सोप्या वर्गसमीकरणांचे मनातल्या मनात अवयव. हे काम किरकोळ वाटले तरी अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीत गणिताच्या ६० प्रश्नांना ८० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ८० सेकंद मिळतात आणि कॅल्क्युलेटर नेता येत नाही, हे लक्षात घेतले की त्याचे महत्त्व पटते.

क्लास लावावा की नाही, हा प्रत्येक घरी निघणारा विषय आहे. माझे मत असे की क्लास लावायचा झाल्यास तो उदाहरणे सोडवून तपासून घेण्यासाठी लावावा. तयार टिपणे उतरवून घेण्यासाठी लावला तर तोच फळा दोनदा पाहिल्यासारखे होते आणि स्वतः सोडवण्याचा वेळ संपतो.

दुसऱ्या वर्षाच्या गणिताची लेखी परीक्षा ८० गुणांची असते आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. लेखी उत्तरांत पायऱ्यांना गुण असतात, म्हणून शेवटचे उत्तर चुकले तरी मांडणी व्यवस्थित असेल तर बरेच गुण मिळतात. उलट नुसते उत्तर बरोबर लिहून पूर्ण गुण मिळत नाहीत. कोणते सूत्र वापरले, कोणती किंमत का नाकारली, हे एका छोट्या वाक्यात लिहावे. पहिल्या घटक चाचणीत गुण घसरले म्हणून लगेच शाखा बदलण्याचा विचार पालकांनी करू नये. उत्तरपत्रिका घेऊन बसावे आणि प्रत्येक चुकीपुढे ती जुन्या बीजगणिताची आहे, शब्दार्थाची आहे की नव्या प्रकरणाची आहे, असे लिहावे. बहुतेक चुका पहिल्या दोन प्रकारांत बसत असतील, तर त्या सरावाने सुधारतात. नव्या प्रकरणांच्याच चुका अधिक असतील आणि सहामाहीनंतरही तेच चित्र राहिले, तर मात्र शिक्षकांशी बसून शांतपणे निर्णय घ्यावा.

मॅट्रिक्स शिकताना एक गोष्ट खटकते : तिथे गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलू शकते, आणि शून्य नसलेल्या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार शून्य मॅट्रिक्स येऊ शकतो. संख्यांचे नियम तिथे गृहीत धरू नयेत. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात मॅट्रिक्सच्या साहाय्याने रेषीय समीकरणे सोडवण्याची रीत पुन्हा येते, आणि राणी चन्नम्मा विद्यापीठात गणित घेऊन बी.एस्सी. करणाऱ्यांना पुढे ग्रुप आणि रिंग ही अमूर्त बीजगणिताची प्रकरणे शिकावी लागतात, जिथे जवळजवळ प्रत्येक प्रश्न 'सिद्ध करा' असाच असतो. या दोन्ही वाटांनी जाणाऱ्यांनी पीयूसीच्या दोन्ही वर्षांच्या वह्या रद्दीत घालू नयेत.