लोंढ्याच्या दिवशी नदी कशी गाळावी

नदीतून समुद्राकडे जाणारा झाडापानांचा कार्बन मोजायचा असेल, तर पाणी गढूळ असेल त्या दिवशी जा. उन्हाळ्यात चिपळूणची वाशिष्ठी नदी नितळ असते, काठावर उतरणंही सोपं असतं, म्हणून माझे विद्यार्थी एप्रिलमध्येच बाटल्या भरायला निघतात. त्या बाटल्यांत फारसं काही हाती लागत नाही. पानं, मुळं, लाकूड कुजून मातीत जो कार्बन मुरतो, त्यातला गाळाबरोबर जाणारा मोठा हिस्सा वर्षातले मोजके पूरच घेऊन जातात. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसातलं पाणी तर चुकवूच नये. वर्षभर साठलेला पालापाचोळा आणि भाजावळीची राख, कोळशाचे कण, सगळं पऱ्यांतून त्याच वेळी खाली येतं.

मी चिपळूणला रसायनशास्त्र शिकवते. सुरुवात करणाऱ्यासाठी वाशिष्ठीइतकी सोयीची नदी नाही, असं माझं ठाम मत आहे. हिमालयातल्या नद्यांच्या गाळात खडकातला कोट्यवधी वर्षांचा जुना कार्बनही मिसळलेला असतो आणि तो वेगळा ओळखायला महागड्या तपासण्या लागतात. आपला सह्याद्री लाव्हारसाचा. या काळ्या कातळात तसला कार्बन जवळजवळ नाहीच. त्यामुळे शहराच्या वर घेतलेल्या पुराच्या पाण्यात जे सेंद्रिय सापडेल, ते मुख्यतः याच डोंगरांवरच्या झाडांचं आणि मातीचं. जगभरातल्या नद्या मिळून वर्षाला सुमारे 20 कोटी टन सेंद्रिय कार्बन गाळाबरोबर समुद्रात नेतात आणि त्यातला अंदाजे 80 टक्के असाच, जिवंत जंगलांतून आणि मातीतून आलेला असतो. त्यातला जो चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून समुद्रतळाशी गाडला जातो, तो हजारो वर्षं हवेत परतत नाही. म्हणून हे मोजण्याला मोल आहे.

जागा निवडताना भरतीचं पाणी पोचत नाही इतकं वर जा. खाडीत खालचा गाळ भरती-ओहोटीबरोबर वरखाली होत राहतो. दुसरी गोष्ट कोयनेच्या अवजलाची. वीजनिर्मिती सुरू असली की पूर्वेकडच्या कृष्णा खोऱ्यातलं पाणी बोगद्यांतून वाशिष्ठीत येतं आणि त्यातला बराचसा गाळ शिवसागरातच, म्हणजे कोयनेच्या जलाशयातच, बसलेला असतो. हे पाणी मिसळलं की तुमचा आकडा पातळ होतो. शक्यतो संगमाच्या वरच्या अंगाला नमुना घ्या, नाहीतर अवजल सुरू होतं की बंद, हे तरी लिहून ठेवा.

पाण्यात उतरायचं नाही. 22 जुलै 2021 चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळं सांगायला नको. पुलावरून दोरी बांधलेली बादली प्रवाहाच्या मध्यावर सोडा. एक नमुना पाणी चढताना आणि एक उतरताना घ्या. पातळी तीच असली तरी चढत्या पाण्यात बहुधा गाळ जास्त असतो.

आता गाळणं. काचतंतूचा गाळणकागद आधी 500 अंशांवर चार तास भाजून, थंड करून, मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत वजन करा. पाणी आधी बारीक चाळणीतून काढा. चाळणीवर राहिलेलं फेकू नका, भिंगाखाली बघा: पानाचा गर गेलेला असतो आणि शिरांची जाळी तेवढी शाबूत असते, तिच्या घरांत तांबडी माती बसलेली. उरलेलं पाणी हलवत हलवत मोजून गाळा. पुराच्या पाण्यानं कागद लवकर तुंबतो, पाव लीटर गेलं तरी पुष्कळ. मग कागद 60 अंशांवर वाळवून वजन करा, पुन्हा 500 अंशांवर चार तास भाजा आणि परत वजन करा. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे जळून गेलेलं सेंद्रिय. त्याचा साधारण अर्धा भाग कार्बन धरतात.

कोकणात मात्र इथे फार जपावं लागतं. जांभ्याच्या मातीतल्या लोह-ॲल्युमिनियमच्या खनिजांत पाणी बांधलेलं असतं. भट्टीत तेही उडून जातं आणि वजनातली ती घट आपण पानांच्या खात्यावर टाकून बसतो. मुळं पोचत नाहीत इतक्या खोलची तांबडी माती, विहिरीच्या किंवा रस्त्याच्या ताज्या कापातली, तशीच भाजून बघा. ती किती टक्के घटते यावरून आपली चूक किती मोठी आहे याचा अंदाज येतो. एवढं करूनही हा आकडा दोन पुरांची तुलना करण्यापुरताच वापरावा, असं मला वाटतं. खरा आकडा हवा तर कागदाचा तुकडा कार्बन मोजणाऱ्या यंत्राकडे पाठवा आणि त्याच खर्चात जमत असेल तर कार्बनच्या समस्थानिकांचं, म्हणजे जड कार्बन-13 आणि हलक्या कार्बन-12 यांचं, गुणोत्तरही मागून घ्या. हे गुणोत्तर प्रमाण नमुन्याच्या तुलनेत दर हजारी फरक म्हणून लिहितात: ऐन-किंजळीची पानं आणि भात उणे 28 च्या आसपास येतात, सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळपठारावरचं, बरंचसं गवत उणे 13 च्या. पुरात जंगल जास्त आलं की सडा, हे त्यावरून कळतं.

कागदाखाली उतरलेलं स्वच्छ पाणीही ओतून देऊ नका. विरघळलेला कार्बन त्यातच असतो. भाजलेल्या काचेच्या बाटलीत थोडं आम्ल घालून ते फ्रिजमध्ये ठेवा. बाटलीवर तारीख, वेळ, पुलाखालची पातळी आणि अवजलाची नोंद पेन्सिलीनं करा, शाई पावसात उतरते.