सोलर वॉटर हीटर बंद करून रिकामा करताय? या चुका टाळा

ट्यूब फुटलेली असते, ट्यूब टाकीला जिथे जोडते तिथल्या रबरी रिंगमधून पाणी ठिबकत असतं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालेलं असतं, नाहीतर बोअरच्या पाण्याने आत क्षार साचलेले असतात, कुठल्या ना कुठल्या कारणाने सोलर एकदा तरी रिकामा करावाच लागतो. काम अवघड नाहीये, पण वेळ आणि क्रम चुकला की नुकसान ठरलेलं. आपल्याकडे बहुतेक गच्च्यांवर काचेच्या ट्यूबवाला सोलर असतो, त्याबद्दलच सांगतोय.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भर उन्हात काम करणं. प्लंबर त्याच्या सवडीने येतो, म्हणजे अकरा-बाराला, टाकी रिकामी करतो, रिंग बदलतो आणि लगेच गार पाणी सोडतो. उन्हात रिकामी राहिलेली ट्यूब आतून 200 अंशांच्याही वर जाते. बाहेरून हात लावला तर मात्र गारच लागते, कारण दोन काचांच्या मधे व्हॅक्यूम असतो, त्यामुळे अंदाजच येत नाही. अशा ट्यूबमधे गार पाणी गेलं की काच तडकते, आणि एक नाही, ओळीने तडकतात. म्हणून काम सूर्य उगवायच्या आधी किंवा मावळल्यावर करा, आणि दिवस मधे येणारच असेल तर ट्यूबवर जाड ताडपत्री टाका आणि नीट बांधा, वाऱ्याने उडाली तर काही उपयोग नाही.

दुसरी चूक म्हणजे बॅकअपच्या कॉइलचं, म्हणजे ऊन नसताना पाणी तापवायला टाकीत बसवलेल्या विजेच्या हीटरचं, बटण चालू राहणं. कॉइल पाण्याबाहेर तापली की जळते, आणि ओल्या गच्चीवर शॉकची भीती आहेच. नुसतं बटण नको, एमसीबीच (मीटरच्या बोर्डातला त्या लाइनचा खटका) पाडा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

आता जे बऱ्याच जणांना माहीतच नसतं ते. गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला की बाथरूमचा गरम नळ थोड्या वेळात थांबतो आणि लोकांना वाटतं टाकी संपली. नाही! गरम पाणी टाकीच्या वरच्या बाजूने निघतं, खालून येणारं गार पाणी त्याला ढकलत असतं, ते ढकलणं थांबलं म्हणून नळ थांबला. टाकी जवळपास भरलेलीच असते आणि आतलं पाणी कडकडीत असतं, अशा वेळी कोणी खालचा ड्रेन, म्हणजे टाकी रिकामी करायचं तोंड, उघडला तर हातपाय पोळतात. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी ट्यूब झाकून टाका, गार पाणी चालू ठेवून गरम नळ कोमट येईपर्यंत कपडे-भांड्यांना वापरा, मग व्हॉल्व्ह बंद करा आणि ड्रेन उघडा.

ड्रेन उघडण्याआधी एअर व्हेंटचा, म्हणजे टाकीत हवा ये-जा करायचा, पाइप मोकळा आहे ना हे बघाच. त्यात कधी गांधीलमाशीचं घर असतं, कधी कचरा जाऊ नये म्हणून कोणीतरी बूच मारलेलं असतं. पाणी निघालं पण हवा आत गेली नाही तर टाकीचा पातळ पत्रा आतल्या बाजूला पिचकतो, मग टाकीच बदलावी लागते. हा पाइप कधीच, कशासाठीच बंद करायचा नाही.

ड्रेन उघडून बराच वेळ झाला तरी धार थांबत नाही? एकतर गारचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीये, नाहीतर एखाद्या बाथरूममधला मिक्सर (गरम-गार एकत्र करणारा नळ) अर्धवट उघडा आहे आणि त्यातून गार पाणी गरमच्या लाइनमधे घुसतंय. सगळे मिक्सर तपासा. उलट धारच येत नसेल तर ड्रेनच्या तोंडाशी क्षार अडकलेत.

आणि टाकी रिकामी झाली म्हणजे ट्यूब रिकाम्या झाल्या असं नाही, त्या खालून बंद असतात, मोठ्या ट्यूबमधे अडीच लिटरच्या आसपास पाणी राहतं. ट्यूब काढताना रिंगला साबणाचं पाणी लावा, हळूहळू फिरवत वर टाकीत सरकवा, मग खालच्या कपातून सोडवा. जोर लावू नका. क्षारासाठी संडासात वापरतात ते अ‍ॅसिड स्टीलच्या टाकीत अजिबात घालू नका, पत्र्याला भोकं पडतात, सायट्रिक अ‍ॅसिड वापरा आणि नंतर दोनदा धुवा.

सुट्टीत गावाला जाताना मात्र सोलर रिकामा करू नका आणि गारचा व्हॉल्व्हही बंद करू नका. ट्यूब झाका, टाकी भरलेली राहू द्या.

परत भरताना ट्यूब गार आहेत याची खात्री करा, सगळ्यात वरच्या मजल्याचा गरम नळ उघडा ठेवा, गार पाणी हळू सोडा. नळातून हवेचे फटके थांबून एकसारखी धार आली की नळ बंद करा, रिंगांखाली सुकं फडकं फिरवून लीकेज बघा, त्यानंतर ताडपत्री काढा. एमसीबी सगळ्यात शेवटी.