पाच पुटं झाली की पिशवी बंद

आमच्या मालवणात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेत पिकतात आणि मिरगाचा पाऊस कुणासाठी थांबत नाही. तरी सलग तीन वर्षं माझी सोलं, म्हणजे कोकमाची सुकवलेली सालं, विक्रीला निघालीच नाहीत.

सालं रसात भिजवायची, उन्हात सुकवायची, हे एक पूट. आई चार-पाच पुटं देते. मी मात्र रंग अजून गडद हवा म्हणून देतच राहायचे. 2016 मध्ये आपल्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याला साजेसाच माल हवा ना! मग लेबल मनासारखं नाही, बरणी नको, पिशवी हवी... तोवर पाऊस. गेल्या वर्षी ओलसर सोलांवर पांढरी बुरशी दिसली आणि मला रडू आवरेना.

आई म्हणाली, "चेडवा, तू सोलां सुकवतंस नाय, लपवतंस."

खरं होतं. विकलंच नाही तर नावं ठेवणार कोण?

यंदा आधीच कॅलेंडरवर लिहिलं: पाच पुटं, 15 मे, वीस पिशव्या. पाचव्या पुटानंतर हात शिवशिवत होते, पण सोलं बोटांना चिकटत नव्हती. पिशव्या बंद केल्या, लेबलं हातानंच लिहिली. आठवडा बाजारात चौदा गेल्या. एका मावशींनी मीठ जास्त झाल्याचं सांगितलं. पुढच्या खेपेला कमी घातलंय.