प्रकटीकरणातल्या क्रोधाच्या सात वाट्या घरच्या अभ्यासात कशा घ्याव्यात

घरगुती बायबल अभ्यासात प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: "हे कधी होणार?" मी लगेच मत्तय 24:36 काढून कोणाला तरी मोठ्यानं वाचायला लावते. तो दिवस पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या परत येण्याची 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली होती. तो दिवस आला आणि गेला, आणि हजारो भाविकांची मनं मोडली. म्हणून त्या संध्याकाळपुरता तारखांचा विषय बंद ठेवा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे युद्धाचे व्हिडिओही.

देवाच्या क्रोधाच्या सात वाट्या पृथ्वीवर ओतल्या जातात तो प्रकटीकरणाचा सोळावा अध्याय थेट उघडू नका. आधी 6:9-11 घ्या. देवाच्या वचनासाठी मारले गेलेल्यांचे आत्मे वेदीखाली आहेत. आमच्या रक्ताचा न्याय कोठवर करणार नाहीस, असं ते ओरडून विचारताहेत. ही वचनं मी शक्यतो अन्याय सोसलेल्या माणसाकडून वाचून घेते. आमच्यातल्या एका ताईंची जमीन भावकीनं लाटली. त्या 'कोठवर'पाशी थांबल्या आणि कोणी न सांगता वचन पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या. अशा वेळी घाई करू नका. मग एवढंच विचारा: या रक्ताचा देवाला राग आलाच नाही, तर तो न्यायी कसा? आणि त्याच अध्यायातलं सोळावं वचन सोडू नका. तिथं क्रोध कोकऱ्याचा, म्हणजे येशूचा, आहे, आणि हा कोकरा स्वतः वधलेला आहे.

आता सोळावा अध्याय आणि निर्गम 7 ते 10, म्हणजे मिसरवर (इजिप्तवर) आलेल्या पीडांची गोष्ट, शेजारी शेजारी ठेवा. रंगीत पेन्सिल द्या, सारख्या गोष्टींखाली रेघ मारू द्या: फोड, रक्त, बेडूक, अंधार, गारा. मिसरमध्ये या पीडा कोणावर आल्या? गुलामांना सोडायला तयार नसलेल्या फारोवर. हे पुस्तक ज्यांना लिहिलं गेलं त्या इफिस, स्मुर्णा, पर्गम इथल्या छोट्या ख्रिस्ती मंडळ्यांना रोमच्या सत्तेत नवा फारो दिसला असणार.

तिसऱ्या वाटीला भरपूर वेळ द्या. नद्यांचं रक्त होतं, आणि जलांचा देवदूत म्हणतो की यांनी संतांचं रक्त पाडलं, म्हणून तू यांना रक्त प्यायला दिलंस. त्यावर वेदी बोलते: खरंच, तुझे न्याय सत्य आहेत. ही तीच वेदी, जिच्याखालून हाक आली होती. हे तुम्ही सांगू नका, त्यांना शोधू द्या. नवव्या आणि अकराव्या वचनात लोक पश्चात्ताप करत नाहीत, तेही त्यांच्याच नजरेस येऊ द्या. मला हा अध्याय सगळ्यात जास्त तिथंच टोचतो.

बाकीच्या वाट्या भराभर घेतल्या तरी चालतील. हर्मगिदोनचा, म्हणजे शेवटच्या लढाईच्या ठिकाणाचा, नकाशा काढत बसू नका.

मग 18:12-13 सावकाश वाचा. बाबेल या श्रीमंत, जुलमी नगरीच्या व्यापाऱ्यांच्या मालाची ही यादी सोनं, रुपं, मोती, दालचिनी, तेल, गहू, मेंढरं, घोडे अशी चालत जाते आणि शेवटी माणसांच्या जिवांपर्यंत येते. इथं वर्गाला विचारा, आपल्या घराच्या विटा कोणी पाडल्या? उचल फेडण्यासाठी भट्टीवर राबणारी कुटुंबं आपल्याला ठाऊक आहेत. क्रोध फक्त दुसऱ्यांसाठी आहे, असं समजून कोणी उठता कामा नये.

पांढऱ्या राजासनाचा न्याय, 20:11-15, शेवटी घ्या. तिथं कृत्यांची पुस्तकं आहेत, आणि जीवनाचं पुस्तक वेगळं आहे. कोणी ना कोणी विचारतंच, "माझे वडील विश्वासात नव्हते, त्यांचं काय?" अग्निसरोवरात, म्हणजे तिथल्या शेवटच्या शिक्षेच्या जागी, कोण जाणार याची नावं घेऊ नका आणि घेऊही देऊ नका, कारण त्या राजासनावर आपण बसलेलो नाही. मत्तय 25:31-46 सोबत वाचा. भुकेल्याला जेवण, परक्याला आसरा, तुरुंगातल्याची भेट, असं तिथं राजा काय काय मोजतो ते बघा.

सभा सोळाव्या अध्यायावर संपवू नका. 22:17 वाचून प्रार्थना घ्या: तहानेल्यानं यावं, जीवनाचं पाणी फुकट घ्यावं. नंतर कोणी मागं रेंगाळलं तर चहा ठेवा आणि त्याला आधी बोलू द्या.