एमबीएला कमिटी, क्लब, फेस्ट सगळं केलं तरी इंटरव्ह्यूला सांगायला काही नाही? या चुका टाळा

दरवर्षी प्लेसमेंटचा सीझन आला की ज्युनियर्सचे सीव्ही येतात, "दादा, एकदा बघून द्या ना". आणि दरवर्षी तेच दिसतं. मार्केटिंग क्लब मेंबर, कल्चरल कमिटी मेंबर, ई-सेल (उद्योजकता क्लब) मेंबर, ऑर्गनायझिंग टीम, अशा पाच-सहा ओळी आणि एकाही ओळीतून कळत नाही की या मुलाने किंवा मुलीने नेमकं केलं काय. ही मुलं आळशी अजिबात नसतात, रात्री उशिरापर्यंत कॉलेजात थांबून बॅनर बांधलेले असतात, पाहुण्यांना स्टेशनवरून आणलेलं असतं, पण पॅनलसमोर बसलं की त्या सगळ्या मेहनतीचं एकच वाक्य होतं, "सर, मी टीममध्ये होतो", आणि पुढचा प्रश्न आला की गप्प. माझं म्हणणं असं आहे की कॅम्पसवरच्या कामाचा करिअरला फायदा होतो, नक्की होतो, पण जे काम तुमच्या एकट्याच्या नावावर होतं, जे फसलं असतं तर सगळ्यांनी तुम्हालाच फोन लावला असता, त्याच कामाचा होतो. आता चुका कुठे होतात ते बघू.

पहिली गडबड कॅलेंडरची

दोन वर्षं म्हणजे खूप वेळ आहे असं सगळ्यांना वाटतं. आयआयएमसारख्या ठिकाणी जूनमध्ये आत गेलेल्या मुलांचे समर इंटर्नशिपचे इंटरव्ह्यू ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होऊन जातात, म्हणजे हॉस्टेलची खोली नीट लागायच्या आत. आपल्याकडे सीईटीच्या कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश फेरीतून येणाऱ्यांचं कॉलेजच बऱ्याचदा ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं, मग इंडक्शन, मग फ्रेशर्स पार्टी, मग दिवाळी, आणि सुट्टीवरून आलं की पहिल्या सेमची परीक्षा. जानेवारीत कंपन्या विचारायला लागतात तेव्हा सीव्हीवर ग्रॅज्युएशनच्या पुढचं काहीच नसतं. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांतच एक असं काम घ्या जे दिवाळीच्या आसपास पूर्ण होतं. छोटं चालेल. एका गेस्ट लेक्चरची पूर्ण जबाबदारी, वक्त्याला गाठण्यापासून ते हॉल भरण्यापर्यंत, एवढं जरी झालं तरी सांगण्यासारखं काहीतरी हातात येतं.

पाच क्लब, शून्य काम

सगळ्यात कॉमन चूक हीच. सुरुवातीला सगळे क्लब फॉर्म देतात, मुलं सगळे फॉर्म भरतात. मग व्हॉट्सॲपवर सात ग्रुप होतात, प्रत्येक ग्रुपवर "नोटेड" लिहून मोकळं व्हायचं, आणि असाइनमेंटची डेडलाइन आली की सगळीकडून गायब. त्यापेक्षा एक जड आणि एक हलकं असं ठेवा. जड म्हणजे जिथे तुम्ही कंटाळा आला तरी वर्षभर टिकणार, हलकं म्हणजे जिथे फक्त शिकायला जाताय.

आणि निवडताना तुम्हाला पुढे काय करायचंय ते बघा. फायनान्सवाल्याने डान्सच्या टीममध्ये जाऊ नये असं मी कधीच म्हणणार नाही, जा, आनंदाने जा, पण जडवालं काम फायनान्सच्या जवळचं असू द्या. इन्व्हेस्टमेंट क्लबमध्ये एकच कंपनी घेऊन तिचे पाच वर्षांचे ॲन्युअल रिपोर्ट वाचून सगळ्यांसमोर तुमचं मत मांडलं, प्रश्न झेलले, तर ते दहा वेबिनारच्या सर्टिफिकेटपेक्षा भारी पडतं. ऑपरेशन्सवाल्यांनी फेस्टचं लॉजिस्टिक्स धरावं, एचआरवाल्यांनी व्हॉलंटियर्सची भरती आणि ड्यूट्या लावण्याचं काम घ्यावं. शंभर मुलांच्या ड्यूट्या लावून बघा, त्यातली वीस ऐनवेळी येत नाहीत, तेव्हा पुस्तकातलं मनुष्यबळ नियोजन पहिल्यांदा खरं वाटायला लागतं.

मार्केटिंग-सेल्सवाल्यांसाठी मात्र माझं उत्तर ठरलेलं आहे, स्पॉन्सरशिप. हे काम कोणालाच नको असतं, कारण उन्हात फिरायचं आणि नकार ऐकायचे. पण बघा त्यात काय काय येतं. आधी यादी करायची, आपल्या फेस्टला येणारी मुलं कोणाची गिऱ्हाइकं आहेत, मग कोचिंग क्लास, बाइकचं शोरूम, बँकेची शाखा, कॅफे, जिम अशी नावं निघतात. मग मालक भेटतच नाही, काउंटरवरचा माणूस पत्र ठेवून जा म्हणतो, तीन चकरा मारल्यावर मालक भेटतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "मला यातून काय मिळणार?" इथे बहुतेक मुलं ब्रॅंड व्हिजिबिलिटी वगैरे बोलायला लागतात आणि तिथेच काम संपतं, कारण त्याला माहितीये की बॅनरकडे कोणी बघत नाही. ज्या मुलीने सांगितलं की काका, तुमचा स्टॉल रजिस्ट्रेशनच्या टेबलाला लागूनच लावते, येणाऱ्या प्रत्येकाचं नाव-नंबर त्याच्या परवानगीने तुम्हाला मिळेल, आणि अर्धे पैसे फेस्ट झाल्यावर द्या, तिला होकार मिळाला. मग पावती कॉलेजच्या नावाने द्यायची, अकाउंट्स ऑफिसच्या मागे लागायचं, फेस्टनंतर फोटो आणि आकड्यांचा एक पानाचा रिपोर्ट घेऊन परत जायचं, आणि उरलेले पैसे वसूल करायचे. ही पूर्ण बी-टू-बी सेल्सची, म्हणजे एका धंद्याने दुसऱ्या धंद्याला विकण्याची सायकल झाली, प्रॉस्पेक्टिंगपासून (गिऱ्हाईक शोधण्यापासून) कलेक्शनपर्यंत, आणि तीही एका सेमिस्टरच्या आत. असं काम केलेल्या मुलाला पॅनलने कितीही खोदून विचारलं तरी तो अडकत नाही.

यात एक उपचूक आहे. काम करतात पण लिहून ठेवत नाहीत. किती जणांना भेटलो, किती जण हो म्हणाले, मागच्या वर्षी किती जमले होते आणि यंदा किती, हे त्याच आठवड्यात एका शीटमध्ये टाका, नंतर आठवत नाही आणि मग लोक अंदाजे आकडे ठोकतात, अनुभवी पॅनलला ते लगेच कळतं.

प्लेसमेंट कमिटीबद्दलचा गैरसमज

बरेच जण प्लेसकॉममध्ये जातात ते आपली नोकरी पक्की होईल म्हणून. तसं नसतं. तिथे कंपन्यांना फोन, मेल, फॉलोअप, स्लॉट ठरवणं, आणि आपल्याच वर्गमित्रांची नाराजी झेलणं हे रोजचं असतं, आणि स्वतःच्या तयारीला वेळ सगळ्यात कमी मिळतो. ज्याला एचआर किंवा क्लायंटसोबतचं काम करायचंय त्याने जरूर जावं, शिकायला प्रचंड मिळतं. फक्त शॉर्टकट म्हणून जाऊ नका.

इव्हेंटच्या नादात एटीकेटी

हे थोडक्यात पण स्पष्ट. अनेक कंपन्या दहावी, बारावी, ग्रॅज्युएशन सगळीकडे ६० टक्क्यांची अट लावतात आणि लाइव्ह बॅकलॉग, म्हणजे अजून न सुटलेला विषय असेल तर फॉर्मच पुढे जात नाही. तुम्ही अख्खा फेस्ट एकट्याने उभा केला असला तरी एका विषयात अडकलात तर ते सांगायला इंटरव्ह्यूच्या खोलीत जाताच येणार नाही. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे कमिटीला सरळ नाही म्हणा, चांगला सीनियर समजून घेतो.

मागच्या बाकावर बसून राहणं

हा मुद्दा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. लातूर, नांदेड, जळगाव, बुलढाणा अशा ठिकाणाहून पुण्या-मुंबईच्या कॉलेजात आलेली मुलं, ज्यांचं दहावी-बारावीपर्यंत मराठीत झालंय, ती पहिल्या महिन्यात ठरवून टाकतात की आधी इंग्रजी सुधारू आणि मग बोलू. दोन वर्षं निघून जातात. इंग्रजी बोलल्याशिवाय सुधारतच नाही हे त्यांनाही माहिती असतं, पण हसतील ही भीती मोठी असते. यावर उपाय म्हणजे अगदी लहान, ठरलेलं काम मागून घेणं. पाहुण्यांची ओळख करून देणं घ्या, दोन मिनिटांचं असतं, लिहून पाठ करता येतं, खोलीत दहा वेळा म्हणून बघता येतं. पुढच्या वेळी आभार, त्याच्या पुढच्या वेळी पॅनल डिस्कशनमधले प्रश्न गोळा करून विचारणं. असं करत दुसऱ्या सेमपर्यंत माइक हातात घ्यायची सवय होते, आणि ग्रुप डिस्कशनमध्ये शब्द चुकला तरी वाक्य पूर्ण करायची हिंमत येते. ग्रुप असाइनमेंटलाही कायम आपल्याच गावाकडच्या चौघांचा ग्रुप करू नका, एकदा तरी सीए झालेली मुलगी, आयटीत तीन वर्षं काढलेला, आणि घरचं दुकान सांभाळून आलेला असा मिक्स ग्रुप करा. गावाकडच्या मुलांना बाजार, शेती, सहकारी बँका, दूध संघ यातलं जे माहिती असतं ते शहरातल्या निम्म्या वर्गाला माहितीच नसतं, रुरल मार्केटिंगच्या तासाला ते बोललंच पाहिजे.

गेस्ट लेक्चर, सेल्फी, पोस्ट, विषय संपला

लेक्चर झालं, फोटो काढला, लिंक्डइनवर "इनसाइटफुल सेशन" टाकलं, आणि त्या माणसाशी आयुष्यात परत बोलणं नाही. याला नेटवर्किंग म्हणत नाहीत. त्याच दिवशी एक मेसेज करा, त्यात त्यांच्या बोलण्यातला एक नेमका मुद्दा आणि त्यावर तुमचा एक प्रश्न. तीन-चार महिन्यांनी कळवा की तुम्ही सांगितलेलं हे करून बघितलं आणि असं झालं. नोकरी मागू नका, अजिबात नाही, कामाबद्दल विचारा. ॲलम्नायचंही, म्हणजे कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचंही तसंच. मुंबईच्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटला, १९६५ साली सुरू झालेल्या, लोक सीईओ फॅक्टरी म्हणतात, उदय कोटक, अजय पिरामल तिथलेच, पण तिथल्या मुलांनाही फोन स्वतःच करावा लागतो, संस्थेचं नाव फक्त तो उचलला जाईल एवढी मदत करतं.

इंटर्नशिप म्हणजे सर्टिफिकेट नव्हे

पहिल्या वर्षानंतरचे साधारण दोन महिने हे पूर्ण कोर्समधले सगळ्यात महागडे दिवस आहेत आणि काही मुलं ते ओळखीच्या ऑफिसात सही घेऊन, जुना रिपोर्ट थोडा बदलून काढतात. मग दुसऱ्या वर्षी "तुमच्या प्रोजेक्टबद्दल सांगा" या पहिल्याच प्रश्नावर गाडी अडते. कंपनी लहान असली तरी हरकत नाही. पहिल्या आठवड्यात गाइडला विचारा, तुम्हाला रोज त्रास देणारा एक प्रश्न कोणता, आणि तोच प्रोजेक्ट घ्या. डीलर परत ऑर्डर का देत नाहीत, उधारी कुठे अडकते, नवीन कामगार दोन महिन्यांत का सोडून जातात. रोज संध्याकाळी चार ओळी लिहा, कोणाला भेटलो, काय कळलं. शेवटी मागितलं नसलं तरी दहा मिनिटांचं प्रेझेंटेशन मागून घ्या, तुमच्या गाइडच्या वरच्या माणसासमोर. पीपीओ, म्हणजे इंटर्नशिपवरूनच नोकरीची ऑफर मिळायची असेल तर अशाच खोलीतून मिळते, आणि नाही मिळाली तरी फायनल प्लेसमेंटला सांगायला खरा मुद्दा असतो.

हायेस्ट पॅकेज बघून ठरवणं

कॉलेजच्या होर्डिंगवरचा हायेस्ट आकडा एका मुलाचा असतो. तुम्ही मीडियन बघा, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा. एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगला कॉलेजं जी माहिती देतात त्यात किती मुलं पास झाली, किती प्लेस झाली आणि मीडियन पगार किती हे सगळं असतं, पीडीएफ उघड्यावर मिळते, ॲडमिशनच्या आधी वाचाच. आयआयएम अहमदाबादच्या पुढाकाराने तयार झालेल्या आयपीआरएस या प्लेसमेंटची माहिती देण्याच्या ठरलेल्या पद्धतीने जी कॉलेजं ऑडिट केलेला प्लेसमेंट रिपोर्ट देतात तिथे चित्र आणखी स्वच्छ असतं. ऑफर लेटर हातात आल्यावरही सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) म्हणजे हातात येणारा पगार समजू नका, त्यात कंपनीच्या वाट्याचा बेसिकच्या १२ टक्के पीएफ, ४.८१ टक्क्यांच्या आसपास ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) आणि कधी जॉइनिंग बोनसही धरलेला असतो. लोनचा हप्ता इन-हँडमधून जातो, सीटीसीमधून नाही.

दुसरं वर्ष लागलं आणि हातात काहीच नाही, आता?

हा मेसेज मला सगळ्यात जास्त येतो आणि अशा वेळी मुलं पटापट ऑनलाइन सर्टिफिकेटं गोळा करायला लागतात. ते थांबवा. सहा-आठ आठवड्यांत खरं काम उभं करता येतं. पवईच्या नीटीमध्ये, जे २०२३ पासून आयआयएम मुंबई झालंय, प्रा. टी. प्रसाद यांनी मंडी नावाचा उपक्रम सुरू केला, मॅनेजमेंटची मुलं मुंबईच्या रस्त्यांवर उभी राहून शैक्षणिक खेळणी विकतात. त्यासाठी ना कमिटी लागते ना पद. एसपी जैनमध्ये मुलं म्युनिसिपल शाळांतल्या मुलांचे मेंटॉर होतात आणि काही आठवडे संस्थांमध्ये जाऊन काम करतात, ते अभ्यासक्रमाचाच भाग आहे. तुमच्या कॉलेजात असं नसेल तर स्वतः करा. जवळच्या बचत गटाचा माल घ्या, दोन शनिवार-रविवार सोसायट्यांत विका, काय खपलं, काय परत आलं, किंमत कुठे अडली याचा हिशोब ठेवा आणि त्यांना सुधारणा सुचवा. किंवा कॉलेजसमोरच्या मेसवाल्या काकांचं महिन्याचं अन्न वाया जाणं मोजा. अनस्टॉपवर, म्हणजे पूर्वीच्या डेअर टू कम्पीटवर, केस कॉम्पिटिशन्स सतत चालू असतात, त्यातल्या तुमच्या विषयाच्या दोनच निवडा आणि पहिल्या राउंडला बाहेर गेलात तरी तुमचं सोल्यूशन प्राध्यापकांना दाखवून कुठे चुकलं ते समजून घ्या.

मग सीव्हीवरच्या त्या पाच "मेंबर"च्या ओळी काढा आणि हे एक काम तीन ओळींत लिहा. परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय होतं, तुम्ही काय केलं, शेवटी किती झालं. ते एखाद्या मित्राला वाचायला द्या आणि त्याला दहा प्रश्न विचारायला सांगा. ज्या प्रश्नाला उत्तर देता येणार नाही ती ओळ बदला. दिवाळीच्या सुट्टीत हे करून घ्या, कारण सुट्टीनंतर शॉर्टलिस्ट लागायला सुरुवात होते आणि मग सीव्ही फ्रीझ केला की प्लेसमेंट कमिटी एक शब्दही बदलू देत नाही.